घुमटाखाली गाडी नाही

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या ज्या दर्शनी भागाचे फोटो जगभर छापले जातात, तिथे एकही गाडी लागत नाही. घुमटाखाली आहे तो एक भव्य जिना, आणि आजूबाजूला मध्य रेल्वेच्या मुख्यालयाच्या कचेऱ्या. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. साहेब आत जायचे ते यांच्यामधून. बाकीच्यांनी डावीकडून लोकल गाठायची.

या वास्तूचे रसग्रहण करायचे तर सुरुवात डावीकडूनच करावी. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने 1878 साली काम सुरू केले आणि ते पुरे व्हायला सुमारे दहा वर्षे लागली. एवढ्या खटाटोपातला सगळ्यात देखणे दालन त्याने दिले तिकीटघराला. उत्तरेकडच्या पंखातल्या या दालनाला ‘स्टार चेंबर’ म्हणतात. इटालियन संगमरवर, घासून चकचकीत केलेला निळसर दगड, वर कमानींचे छत. त्या छतावर मुळात निळ्या रंगात सोनेरी तारे रंगवलेले होते. पुढे लांबच्या गाड्यांचे फलाट वाढत गेले आणि ते प्रवासी दुसऱ्या, बऱ्याच रुक्ष हॉलमध्ये गेले. तारे राहिले लोकलवाल्यांच्या वाट्याला. पुष्पक एक्सप्रेसने लखनौला जाणारा पत्र्याखाली ट्रंकेवर बसतो आणि मशीद बंदरला जाणारा संगमरवरी खांबाशी रांग लावतो, हा विनोद स्टीव्हन्सच्या डोक्यात खचितच नसणार. पण इमारती अशाच रंगतात. बांधणारा एक ठरवतो, वापरणारे दुसरेच करून ठेवतात.

बाहेरच्या भिंती वाचायला वेळ हवा, आणि तोच इथे कोणाकडे नसतो. कोरीवकामातला मोठा वाटा जवळच्याच जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा. म्हणूनच की काय, गॉथिक कमानींच्या पानाफुलांत मोर पिसारा फुलवून बसला आहे आणि माकडेही सापडतात. निरनिराळ्या जातीजमातींच्या पगड्या नि फेटे घातलेले चेहरेही आहेत. शिखरांवरच्या शेती, व्यापार, अभियांत्रिकी यांच्या मूर्ती आणि घुमटावरची हातात मशाल व चाक घेतलेली ‘प्रगती’ घडवली टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराने. त्या सुबक आहेत, पण मला जरा पाठ्यपुस्तकी वाटतात. जीव आहे तो खालच्या माकडांत.

भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचेही चेहरे आहेत. त्यांत जमशेटजी जीजीभॉय आणि नाना शंकरशेट शोधून काढावेत. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, त्यामागे नानांची खटपट होती. गाडी आणणाऱ्याला भिंतीवर थाळीएवढी जागा मिळाली; घड्याळाखालची मानाची छत्री मिळाली व्हिक्टोरिया राणीला. स्वातंत्र्यानंतर तिचा पुतळा हलवला. 1996 मध्ये स्थानकाला शिवछत्रपतींचे नाव मिळाले, 2017 मध्ये त्यात ‘महाराज’ आले, पण ती जागा रिकामीच आहे. ती तशीच राहू द्यावी असे माझे मत. इतिहास वाचायला एवढी मोकळी ओळ लागते.

आता रस्ता ओलांडू. समोरची महापालिकेची इमारत 1893 ची, तीही स्टीव्हन्सचीच. चर्चगेटसमोरचे पश्चिम रेल्वेचे मुख्यालयही, 1899 चे, त्याचेच. म्हणजे कल्याणहून या किंवा विरारहून, दक्षिण मुंबईत उतरल्यावर गाठ याच माणसाशी. टर्मिनसच्या शेजारी मोठे टपाल कार्यालय आहे, त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला. गॉथिक मनोऱ्याला आदिलशाही घुमट असा खेटून उभा आहे, तरी कोणाला ते खटकत नाही.

खटकावे असे दुसरेच आहे. लोकलमधून उतरलेली गर्दी थेट सबवेत शिरते. मोबाइलची कव्हरे, चष्मे, पट्टे यांच्या मधून वाट काढत ती पालिकेपाशी किंवा आझाद मैदानाकडे वर येते, ती इमारतीकडे पाठ करून. आता मेट्रोनेही जमिनीखालूनच ये-जा होते. 2004 साली युनेस्कोच्या यादीत गेलेली ही वास्तू ज्यांची रोजची, त्यांच्या नजरेला ती पडतच नाही. रात्री तिच्यावर रंगीबेरंगी दिवे सोडतात, तेव्हा थांबून पाहणारे असतात. पण त्या जांभळ्या-गुलाबी झोतात कोरीवकाम पार सपाट होऊन जाते. हा दगड उन्हात पाहायचा आहे.

दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे. दुपारी चारनंतर ऊन तिरपे येते आणि मोराचे पीस न् पीस सुटे दिसू लागते. घरी जायची तुमची वेळही साधारण तीच. तेव्हा एखाद दिवशी सबवेत उतरू नका, पालिकेच्या कोपऱ्यावर थांबा आणि एक फास्ट खुशाल सोडून द्या.