‘आज्ञापत्र’ : सत्तेच्या वाटपाचा विचार आणि त्याच्या मर्यादा

प्रस्तावना :
मराठी राजनीतिपर गद्यात रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे स्थान निर्विवाद आहे. शिवकालीन राज्यकारभाराची तत्त्वे सांगणारा ग्रंथ म्हणून त्याचा सातत्याने गौरव झाला. दुर्ग, आरमार, साहुकार आणि टोपीकर यांविषयीची त्यातील प्रकरणे अभ्यासक्रमांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. या गौरवामुळे एक गोष्ट मात्र झाकली गेली. हा ग्रंथ राज्य उभे राहत असताना लिहिलेला नाही. ते दुभंगल्यानंतर लिहिलेला आहे. 1674 च्या राज्याभिषेकसमयी जे अष्टप्रधानांत होते, त्या अमात्यांनी चार दशकांनंतर, 1715 च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या नावाने ही आज्ञा सिद्ध केली. तोपर्यंत साताऱ्यास शाहू महाराजांची स्वतंत्र गादी स्थिर होत होती आणि 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या हाती पेशवेपद आले होते. ‘आज्ञापत्रा’तील सत्ताविचार या पार्श्वभूमीवर तपासला तर त्याचे सामर्थ्य आणि त्याचे मौन ही दोन्ही अधिक स्पष्टपणे दिसू लागतात.

वतनदारांचे प्रकरण :
ग्रंथातील सर्वांत मर्मग्राही भाग वतनदारांविषयीचा आहे. देशमुख, देशकुलकर्णी, पाटील इत्यादी मंडळी दिसण्यात लहान असली तरी आपापल्या मुलखात ती वस्तुतः स्वतंत्र नायकच असतात, हे अमात्यांचे निरीक्षण आहे. परचक्र आले की वतन राखण्यासाठी ही मंडळी आधी शत्रूला जाऊन मिळतात. म्हणून त्यांना मोकळे सोडणे धोक्याचे ठरते. परंतु त्यांची वतने समूळ काढून घेणे हाही अन्याय आहे आणि त्यातूनही अनर्थ ओढवतो, असे ते बजावतात. उपाय सांगितला आहे तो मधल्या मार्गाचा : वतन चालू ठेवावे, पण रयतेवर सत्ता चालवू देऊ नये. याच सूत्राला जोडून नवी वृत्ती वा भूमी देण्याविरुद्धचा इशारा येतो. सेवकाला द्रव्याने संतुष्ट करावे. भूमी दिली की तेवढे राज्यच उणे होते, असा त्याचा आशय आहे.

हा इशारा पुस्तकी नाही, ही गोष्ट टीकाकारांनी पुरेशी लक्षात घेतलेली नाही. 1689 मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेल्यावर महाराष्ट्राचा कारभार ‘हुकूमतपनाह’ या किताबासह रामचंद्रपंतांकडेच होता. औरंगजेब वतनांचे आमिष दाखवीत असता मराठा सरदारांना राखायचे तर तेच चलन वापरणे भाग होते. 1691 मध्ये हणमंतराव घोरपडे यांना रायगड, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी दिल्ली अशा टप्प्यांनी बक्षिसाचे अभिवचन दिले गेले, ते याच निकडीतून. राज्य वाचले ते सत्तेचे वाटप करून. आणि ज्या हातांनी त्या वाटपाची अंमलबजावणी केली, तेच हात पंचवीस वर्षांनी त्याच्या विरोधात लिहीत होते. ‘आज्ञापत्रा’च्या या प्रकरणात जो करडेपणा आहे, तो बहुधा या अनुभवातून आला असावा. शिवाजी महाराजांच्या धोरणाचे केवळ स्मरण म्हणून ते वाचले, तर त्यातली अर्धी वेदना हरवते.

दुर्गांची व्यवस्था :
दुर्गप्रकरणात ग्रंथाची भाषा पालटते. संस्कृतप्रचुर नीतिवचनांची जागा हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस अशा रोजच्या कारभारातील शब्दांनी घेतली जाते आणि वाक्ये आखूड, कामाची होतात. येथे अमात्य उपदेश करीत नाहीत, व्यवस्था लावतात. हवालदाराची बदली तीन वर्षांनी, सरनोबताची चार वर्षांनी, सबनीस व कारखानिसाची पाच वर्षांनी करावी, असा नियम त्यांनी घालून दिला आहे. या आकड्यांकडे नीट पाहावयास हवे. मुदती समान असत्या तर सारे अधिकारी एकदमच बदलले असते आणि किल्ल्यावर माहीतगार कोणी उरला नसता. त्या विषम ठेवल्यामुळे जुना आणि नवा यांची साखळी तुटत नाही आणि संगनमतालाही पुरेसा अवधी मिळत नाही. किल्ल्याच्या आसपास ज्यांचे वतन आहे, त्यांना त्या किल्ल्याची सेवा सांगू नये, हा निर्बंधही त्याच जातीचा. सभासदाच्या बखरीत किल्ल्यावरील अधिकाऱ्यांना समान दर्जा देऊन एकमेकांवर नजर ठेवण्याची जी पद्धत वर्णिली आहे, तिला अमात्यांनी येथे काळाचे परिमाण जोडले. अधिकार किती माणसांत विभागावा एवढाच प्रश्न नसून तो एका हातात किती काळ राहावा हाही प्रश्न आहे, ही जाण अठराव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी गद्यात असावी, ही गोष्ट निश्चितच उल्लेखनीय आहे.

प्रधानांविषयीचे मौन :
नेमक्या या ठिकाणी ग्रंथाची मर्यादा उघड होते. प्रधान हा राज्याचा आधारस्तंभ आणि राजाच्या उन्मत्तपणाला आवर घालणारा, असे अमात्य मानतात. पण प्रधानाला आवर कोणी घालावा? किल्ल्यावरच्या सबनिसाला पाच वर्षांची मुदत आहे. प्रधानाला तशी मुदत नाही. त्याची निवड राजाने पारखून करावी आणि त्याच्यावर विश्वास ठेवावा, इतकेच उत्तर मिळते. खालच्या स्तरावर जे काम नियमाने साधले, ते वरच्या स्तरावर शीलावर सोपवले गेले. लेखक स्वतः प्रधान होता, त्याचे वडील निळो सोनदेव हेही महाराजांच्या सेवेत मुजुमदार होते. या विषयावर त्याची लेखणी अडखळली असल्यास नवल नाही.

इतिहास याच फटीतून शिरला. 1720 मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मृत्यूनंतर पेशवेपद त्यांचे पुत्र बाजीराव यांना मिळाले आणि पुढे ते त्या घराण्यातच राहिले. त्याआधी 1719 मध्ये दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आल्या होत्या. त्यांच्या उत्पन्नाची जी विभागणी रूढ झाली, ती ‘आज्ञापत्रा’च्या शिकवणीच्या नेमकी उलट होती. चौथाईच्या शंभर भागांपैकी राजबाबती म्हणून राजाकडे 25, साहोत्रा म्हणून पंत सचिवाकडे 6 आणि राजाच्या मर्जीने द्यावयाचा नाडगौडा 3. उरलेले 66 भाग मोकाशाच्या रूपाने सरदारांचे. सरदारांचे हक्क निरनिराळ्या परगण्यांत विखुरलेले आणि हिशेब परस्परांत गुंतलेले असत. या गुंतागुंतीमुळे जमाखर्च जाणणाऱ्या कारकुनांचे महत्त्व वाढले, असे ग्रँट डफने 1826 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासात म्हटले आहे. डफची दृष्टी जेत्याची होती, हे विसरून चालणार नाही. तरीही हा मुद्दा सहज फेटाळता येत नाही.

मात्र या वाटपाला केवळ ऱ्हास म्हणणे हाही एकांगी निष्कर्ष ठरेल. सरदाराला जिंकलेल्या मुलखात वाटा मिळाला नसता, तर शिंदे, होळकर, गायकवाड यांच्या फौजा नर्मदेपलीकडे टिकून राहिल्या असत्या का? रोख वेतनावर चालणारे राज्य सह्याद्रीच्या परिसरात शक्य होते. माळवा आणि गुजरात तेवढ्या खजिन्यावर राखणे शक्य नव्हते. अमात्यांच्या डोळ्यांपुढे दुर्गांनी वेढलेले, मर्यादित राज्य होते. त्या राज्यासाठी त्यांचे विवेचन अचूक आहे. विस्तारणाऱ्या राज्याला सत्ता वाटावीच लागते, मग ती वाटूनही परत कशी घ्यावी, या प्रश्नाला त्यांच्या ग्रंथात प्रकरण नाही. 1749 मध्ये शाहू महाराज निवर्तले आणि पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या व्यवस्थेने कारभाराची सूत्रे पुण्यास गेली. छत्रपतींच्या बाजूने तेव्हा उपाय उरला नव्हता. सूत्रे हाती घेणारे पेशवेही आपल्या सरदारांपुढे काही दशकांत तसेच हतबल झाले.

‘आज्ञापत्रा’च्या कर्त्याचे घराणे मात्र टिकले. कोल्हापूर राज्यात पंत अमात्यांची बावड्याची जहागीर इंग्रजी अमदानीतही वंशपरंपरेने चालू होती.