टेनेसीन : एका नावाचे वाचन

११७ क्रमांकाच्या मूलद्रव्याचे नाव मला एखाद्या बहुभाषिक संहितेसारखे वाचावेसे वाटते. रशियातील दुब्ना येथे त्याचे पहिले सहा अणू तयार झाल्याचे २०१० साली जाहीर झाले. त्यासाठी लागणारे बर्केलियम अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ओक रिज प्रयोगशाळेने दिले होते. अणू सेकंदभरही टिकले नाहीत. नाव मात्र २८ नोव्हेंबर २०१६ रोजी कायम झाले.

इंग्रजी नावातील ‘ईन’ हा प्रत्यय म्हणजे कुळाची खूण. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन यांच्या पंगतीत तो नव्या अणूला बसवतो. जर्मनमध्ये क्लोर तसे टेनेस, स्पॅनिशमध्ये क्लोरो तसे टेनेसो. चिनी लिपीला एवढ्यावर भागत नाही. तिथे मूलद्रव्याला एकच अक्षर, आणि त्यातच पदार्थाची जात सांगणारा घटक हवा. क्लोरीनच्या अक्षरात वायूची खूण आहे, ब्रोमीनच्या अक्षरात पाण्याची. टेनेसीनला आयोडीनप्रमाणे दगडाची खूण मिळाली. उरलेला भाग ‘थ्येन’ असा उच्चार देतो; एरवी त्याचा अर्थ शेत. कोणीही न पाहिलेला पदार्थ लिपीला आधीच स्थायू ठरवावा लागला.

इंग्रजीही यातून सुटत नाही. इतक्या जड अणूत इलेक्ट्रॉनांचा वेग प्रचंड वाढतो. त्यामुळे टेनेसीन क्लोरीनसारखे वागेलच असे नाही, असे सैद्धांतिक गणिते सांगतात. म्हणजे प्रत्यय आणि दगड, दोन्ही पुराव्याच्या पुढे धावलेली विधाने आहेत.

मराठीने सोने, तांबे, शिसे, पारा, गंधक आपल्या शब्दांनी ओळखले, प्राणवायू घडवला. इथे मात्र ध्वनी उसना घेतला. याला भाषेचे दैन्य म्हणायला मी तयार नाही. अकारान्त शब्दातील उपान्त्य इकार दीर्घ लिहावा, या आपल्या नियमाने ‘टेनेसीन’ हेच रूप सिद्ध होते आणि क्लोरीनशी असलेले यमकही राखते. ‘टेनेसिन’ लिहिले की नियम मोडतो आणि नातेही विस्कटते.

उसन्या ध्वनीत आणखी एक ठेव आहे. टेनेसी हे नाव तनासी या चेरोकी गावावरून आले. चेरोकींना १८३०च्या दशकात त्या प्रदेशातून हुसकावले गेले. गावाची जागा १९७९ पासून टेलिको धरणाच्या जलाशयाखाली आहे. चिनी अक्षरात त्या गावाचा पहिला उच्चार तेवढा उरतो. मराठी रूपात ‘टेनेसी’ सबंध ऐकू येते. भाषांतर केले असते, तर बुडालेल्या गावाची ही शेवटची हाकही आपण पुसली असती.