उलट्या झिलईतला बायसन

सोन्याच्या ‘बफेलो’ नाण्याचं वजन एक ट्रॉय औंस, म्हणजे 31.1 ग्रॅम, आपल्या हिशेबात पावणेतीन तोळ्यांना थोडं कमी. अमेरिकी टांकसाळीनं 24 कॅरटचं, .9999 शुद्धतेचं सोनं पहिल्यांदा नाण्यात घातलं ते 2006 साली, याच नाण्यात. त्यावरची नक्षी मात्र जेम्स अर्ल फ्रेझरची, आणि ती केली होती पाच सेंटच्या निकेलच्या नाण्यासाठी, 1913 साली. त्या नक्षीच्या शताब्दीला, 2013 मध्ये, वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीनं बफेलोची रिव्हर्स प्रूफ आवृत्ती काढली. संग्राहक ती शोधतात ते बहुधा ‘70’ या आकड्यासाठी. मी तिच्या प्रेमात आहे ते मागच्या बाजूवरच्या बायसनसाठी. सोन्याचा असूनही तो इथे काळा दिसतो.

मुंबईच्या टांकसाळीचे प्रूफ संच ज्यांनी पाहिलेत त्यांना नेहमीचं प्रूफ ठाऊक असतं: पार्श्वभूमी आरशासारखी, आकृती दुधी, भुरकट. रिव्हर्स प्रूफमध्ये या दोघांची अदलाबदल होते. सांगायला एवढंच, पण आरसा हा स्वतः कधी उजळ नसतो. समोर जे असेल ते तो परत देतो. भुरकट पृष्ठभाग मात्र येईल तो उजेड चहूकडे पसरवतो, म्हणून कुठूनही पाहिला तरी फिकट पिवळाच दिसतो. नाणं एकाच दिव्याखाली धरून हळूहळू कलतं करा. एका कोनात बायसनची पाठ भडक पेटते. जरा पुढे गेलात की ती खोलीतला अंधार पकडते आणि अख्खं जनावर गडद होतं, मागे सोनेरी माळ तसाच उजळलेला. खरा बायसन गडद तपकिरीच असतो. नेहमीच्या प्रूफमध्ये तो पिठात लोळून आल्यासारखा पांढुरका दिसायचा. इथे त्याला स्वतःचा रंग मिळाला आहे. मानेची आयाळ, वशिंडावरची लोकर, खाली घातलेलं जड डोकं, सगळीकडे झिलई तुटक तुटक पडते. त्यामुळे केसाळ कातडं आणि गुळगुळीत मागचा भाग यांतला फरक रेषेवाचूनच कळतो.

दर्शनी बाजूबद्दल मात्र मी एवढा खूश नाही. फ्रेझरच्या आधीही अमेरिकी नाण्यांवर ‘इंडियन’ होते, पण 1859 च्या सेंटवर दिसते ती पिसांचा मुकुट घातलेली गोरी स्वातंत्र्यदेवी. फ्रेझरनं खऱ्या माणसांचे चेहरे घेतले: लाकोटा जमातीचा आयर्न टेल, शायेन जमातीचा टू मून्स आणि आणखी कुणीतरी, ज्याचं नाव पुढे त्याला नीट आठवेना. टू मून्स 1876 मध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सेनानी कस्टरच्या सैन्याविरुद्ध लढला होता. तीन चेहऱ्यांचा मिळून हा एक चेहरा झाला, काठापासून काठापर्यंत भरलेला. ‘लिबर्टी’ हा शब्द बिचारा कपाळापुढे काठाला चिकटून उभा आहे. अशा चेहऱ्याला स्थिर, मंद उजेड हवा. झिलईमुळे गालाचं हाड, नाक, जबडा प्रत्येक हालचालीला वेगळं चमकतात आणि नजर कुठे टेकवावी कळत नाही. ही बाजू मी साध्या प्रूफमध्येच बघतो.

हे घडवायचं कसं, तेही पाहण्यासारखं आहे. नाण्यावर जे उंच, ते ठशात खोल. नेहमीच्या प्रूफला ठशाची सपाट जागा घासून चकचकीत करायची असते. हात तिथे सहज पोचतो. रिव्हर्स प्रूफला खाचा चकचकीत करायच्या, बायसनच्या केसांचा बारकावा न घालवता, आणि सपाट जागा भुरकट ठेवायची. ठोके पडत जातात तसा ठशावरचा भुरकटपणा विरतो, म्हणून असे ठसे लवकर निवृत्त होतात.

आता 70. विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञानं 1949 साली जुन्या अमेरिकी सेंटसाठी 1 ते 70 ची मोजपट्टी मांडली. सर्वांत झिजलेल्या नाण्याला जी किंमत, तिच्या सत्तरपट कोऱ्या नाण्याला, असा तो बाजारभावाचा हिशेब होता. (याच शेल्डननं अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून तिथे हलके ठेवले होते, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. दर्जाची पारख होतीच माणसाला!) पुढे 1986 मध्ये पीसीजीएस आणि 1987 मध्ये एनजीसी सुरू झाली. नाणं तपासून, आकडा देऊन सीलबंद स्लॅबमध्ये घालणं हा त्यांचा व्यवसाय. पाचपट भिंगाखालीही टांकसाळीबाहेरची इजा दिसली नाही, तर एनजीसी 70 देते.

या नाण्याच्या बाबतीत तो आकडा मी उगाच हसण्यावारी नेत नाही. चोवीस कॅरट मऊ. कापडानंही चरा उमटतो. चरा सर्वांत स्पष्ट दिसतो तो झिलईवर. आणि इथे झिलई नेमकी उंचवट्यांवर आहे, म्हणजे धक्का आधी लागणाऱ्या जागी. बायसनच्या वशिंडावर एक केसाएवढी रेघ आली की दिव्याखाली ती पांढरी उठते. त्यात गंमत अशी, की मातीच्या उंचवट्यावर उभ्या बायसनची ही नक्षी 1913 मध्येच बदलावी लागली होती. उंचवट्यावरची ‘पाच सेंट’ ही अक्षरं व्यवहारात भराभर झिजत होती. झीज सोसत नाही म्हणून बाजूला काढलेली नक्षी आता कधीच खिशात न जाणाऱ्या नाण्यावर आली, तिच्या जागी ‘50 डॉलर’ आणि सोन्याची शुद्धता लिहून.

तरी 70 सांगतो ते एवढंच, की काही बिघडलेलं नाही. बायसन कुठल्या कोनात काळा होतो हे त्याला ठाऊक नसतं. 69 आणि 70 मधला फरक भिंगाशिवाय सहसा दिसत नाही, किमतीत मात्र दिसतो. ‘फर्स्ट स्ट्राइक’ किंवा ‘अर्ली रिलीजेस’ लिहिलेल्या चिठ्ठीसाठी जास्त पैसे मोजणारेही आहेत. ती चिठ्ठी विक्रीच्या पहिल्या दिवसांत नाणं कंपनीकडे पोचलं याची खूण; ठसा ताजा होता याची नव्हे. आपल्याकडचा सराफ गुरुपुष्यामृताला वेढणी विकताना असलं काही सांगू लागला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.

रिव्हर्स प्रूफचा प्रयोग 2006 च्या गोल्ड ईगलवरही झाला होता, विसाव्या वर्षानिमित्त. ते नाणं 22 कॅरटचं, अंगानं कणखर, आणि दहा हजारांच्या मर्यादित संचात आल्यामुळे दुर्मीळ. शिल्पकार सेंट-गॉडन्सची मशालधारी देवी तिथे झिलईत आली, पण ती लहान आहे आणि तिच्यामागचे किरणही चमकतात. चमकणाऱ्यावर चमकणारं. फ्रेझर हा सेंट-गॉडन्सचाच शिष्य. या एका फिनिशमध्ये तरी शिष्याचं जनावर गुरूच्या देवीपेक्षा सरस उतरलं आहे, आणि पैसे घालायचे तर मी 69 चा बफेलो घेईन.