रबरी मुखवट्यामागचे भय

रामसे बंधूंचे भयपट सुशिक्षित मंडळी अलीकडे मोठ्या हौसेने पाहतात, आणि पाहताना खदखदा हसतात. मुखवट्याचे रबर दिसले की हसू, दार करकरले की हसू. या हसण्यालाच आता रसिकता म्हणण्याची चाल पडली आहे. ती चाल मला मान्य नाही.

या चित्रपटांचा उगमच मुळी सामान्य प्रेक्षकाच्या निरीक्षणात आहे. १९७० साली एफ. यू. रामसे यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. परंतु त्यातील चोरीच्या प्रसंगात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून येतात, तेवढ्यासाठी लोक थिएटरात येत, हे मुलांनी हेरले. १९७२ च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सारे बिऱ्हाड महाबळेश्वरला गेले. छायालेखन, ध्वनी, संकलन, दिग्दर्शन ही कामे सात भावांनी आपसांत वाटून घेतली. भव्य सेट परवडत नव्हते. अंधार, धुके आणि जुनी वास्तू मात्र परवडत होती. भयानक रस दाखवण्यापेक्षा झाकण्याने अधिक पोसतो, हे त्यांना पैशाच्या टंचाईनेच शिकवले.

‘पुराना मंदिर’ (१९८४) घ्या. त्यातील सामरी मरताना शाप देतो : या घराण्यातील प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. म्हणून बाप मुलीचे लग्नच होऊ देत नाही. घाटकोपर-मुलुंडच्या चाळींतून हा चित्रपट पाहायला गेलेल्या कितीतरी बायकांच्या घरी बाळंतपणात गेलेली एखादी आजी किंवा आत्या असेल. त्यांना भिवविणारी गोष्ट रबराची नव्हती.

तरीही चित्रपटाचा खोटेपणा झाकू नये. बाईच्या मरणाचे भय सांगणारा हाच चित्रपट तिच्या देहाचे आमिषही दाखवतो. ‘शोले’ची विडंबने मध्येच घुसडून कथेचा गळाही तोच घोटतो. हे दोष गंभीर आहेत. परंतु हसणाऱ्यांना नेमके हेच दोष टोचत नाहीत, कारण त्यांची नजर रबराच्या पलीकडे जातच नाही.

ज्या प्रेक्षकाने पैसे मोजून मनापासून भिऊन घेतले, त्याच्या विश्वासावर हे चित्रपट जगले. त्या विश्वासाची टवाळी करणारा स्वतःला चाहता म्हणवतो. त्याने एकदा तो शाप लक्ष देऊन ऐकावा. मग हसू आले, तर खुशाल हसावे.