आश्रय आणि शाळा : ‘अ लिटिल पोलंड इन इंडिया’ या माहितीपटाविषयी

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या पोलिश निर्वासित मुलांवर अनु राधा दिग्दर्शित ‘अ लिटिल पोलंड इन इंडिया’ हा माहितीपट २०१३ मध्ये आला. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना हद्दपार केले. १९४१ च्या करारानंतर सुटलेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात पोहोचले. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाछडी येथे शेकडो मुलांना आश्रय दिला. मुले त्यांना ‘बापू’ म्हणत. वृद्धापकाळात त्यांनी सांगितलेल्या आठवणी हेच या माहितीपटाचे बळ आहे.

मात्र त्याची मांडणी मुख्यतः उपकार आणि कृतज्ञता यांभोवती फिरते. ही कृतज्ञता खरी आहे, यात शंका नाही. परंतु आश्रयाने जीव वाचतो, भाषा आपोआप वाचत नाही. परक्या मुलखात ही मुले पोलिश कशी राहिली, हा अध्यापकाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न माहितीपटाचा मुख्य विषय होत नाही.

त्याचे उत्तर कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत अधिक स्पष्ट दिसते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश लोक राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. त्यांनी स्वभाषेतील शाळा, चर्च, बालवीर पथके व नाट्यप्रयोग चालविले. अस्मिता तेथे घोषणेत नव्हे, तर रोजच्या वेळापत्रकात जपली गेली. युद्धानंतर त्यांचा पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला आणि अनेकांना घरी परतता आले नाही. नकाशावरून गेलेले गाव त्यांच्याबरोबर भाषेत आणि सणांत उरले.

पोलिश लोक गेल्यावर त्याच वळिवड्यात फाळणीतील सिंधी निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर. आपल्या भोपाळमधील बैरागढही सिंधी निर्वासितांनीच वसविले. दोन्ही वसाहती कापडबाजारासाठी प्रसिद्ध झाल्या. बाजार उभा राहिला. पण घरची भाषा पुढच्या पिढीला वर्गात मिळाली काय? उर्दू शिकविणाऱ्या आपल्या संस्थांनाही हा प्रश्न टाळता येणार नाही.

म्हणून हा माहितीपट वर्गात अवश्य दाखवावा. मात्र ‘आश्रय कोणी दिला’ या प्रश्नापाशी चर्चा थांबू नये. ‘शिकविले कोणी, आणि कोणत्या भाषेत’ हेही विद्यार्थ्यांना विचारावे.