मालाशाची क्षमा कोण मागणार?

टॉल्स्टॉयची १८८५ सालची एक दोन-तीन पानांची गोष्ट आहे. रशियन नावाचा अर्थ साधारण ‘पोरी म्हाताऱ्यांपेक्षा शहाण्या’ असा. मुलांना सांगायला सोयीची गोष्ट. माझं भांडण आहे ते तिच्या शेवटाशी.

ईस्टर त्या वर्षी लवकर आलेला. अंगणात अजून बर्फ, गल्लीत वितळलेलं पाणी, दोन घरांमध्ये एक डबकं. मालाशा धाकटी, अकुल्या जरा मोठी, दोघींच्या अंगावर सणाचे नवे कपडे. बूट-मोजे काढून पाण्यात उतरतात. हळू चाल, पाणी उडवू नको, असं अकुल्या सांगतेय तोवर मालाशाचा पाय धपकन पडतो आणि अकुल्याचा झगा चिखलानं भरतो. अकुल्या मारायला धावते. तेवढ्यात तिची आई येते, पळणाऱ्या मालाशाला धरते आणि मानेवर एक ठेवून देते. पोरगी भोकाड पसरते. मग तिची आई, मग बापे, मग ढकलाढकली. अकुल्याची आज्जी मध्ये पडते, सणाचा दिवस आहे म्हणते, पण तिचं ऐकतंय कोण!

इकडे अकुल्या झगा पुसून परत डबक्यापाशी गेलेली. दगडानं माती उकरून पाट काढायला लागते. मालाशा येते आणि लाकडाची ढलपी घेऊन उकरायला लागते. पाणी वाहत थेट भांडणाऱ्यांपर्यंत पोचतं. ढलपी तरंगतेय, दोघी दोन्ही काठांनी पळताहेत, मालाशाला हसू आवरत नाही. आज्जी त्यांच्याकडे बोट दाखवते. बापे लाजतात, हसतात, घरी जातात.

या प्रसंगात ‘चुकलं’ हा शब्द कुठंच नाही, आणि टॉल्स्टॉयचं मोठेपण मला तिथं दिसतं. चूक मालाशाची, आणि आपल्या पायांनी परत आली तीही मालाशाच. तिला कुणी ओढून आणलं नाही. ढलपी उचलली, कामाला लागली. अकुल्यानं ‘आधी सॉरी म्हण’ म्हणून अडवलं नाही. आपण पोरांच्या भांडणात नेमकं उलटं करतो. दंडाला धरून समोरासमोर उभं करायचं, ‘म्हण बघू, मोठ्यानं म्हण!’ पोरगं शब्द भरतं आणि सुटतं, नाक्यावर पावती फाडल्यासारखं.

पण पुढं टॉल्स्टॉय घाई करतो. बापे हसले की त्याचं काम झालं. लगेच बायबलचं वचन जोडून मोकळा. आणि मालाशाची मान? परक्या बाईनं तडाखा दिलाय तिला. पाणी चुकून उडालं, हात चुकून उठला नव्हता. पोरींनी आपापसातलं मिटवलं म्हणून मोठ्यांनी पोरीचं जे केलं ते कसं मिटेल? मुलं लवकर विसरतात, हे कौतुक मोठ्यांच्या फार सोयीचं असतं.

मी जैन घरातली, म्हणून हे जास्त खटकत असेल. ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणजे माझं दुष्कृत्य मिथ्या होवो. त्यात ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असली पळवाट नाही. आमच्याकडं दिगंबरांत पर्युषणानंतर ‘उत्तम क्षमा’ म्हणतात. बस्तीतून आलं की धाकट्यांनी वाकायचं, थोरांनी डोक्यावर हात ठेवायचा. वर्षभर पाठीत धपाटे घालणारा हातच आशीर्वाद देतो, आणि कुणाला त्यात काही वाटत नाही. वास्तविक क्षमा मागायची ती सगळ्या जीवांची, एकेंद्रियापासून. झाडाची मागतो, पाण्यातल्या जीवांची मागतो. आणि घरातलं सहा वर्षांचं पंचेंद्रिय पोर नुसतं वाकून उभं!

अकुल्याची आई त्या घोळक्यात शेवटी हसली का, हेही टॉल्स्टॉय सांगत नाही. ती संध्याकाळी शेजारच्या दारात गेली असती आणि मालाशापुढं खाली बसून काही बोलली असती, तर काय बोलली असती, ते मला वाचायचं होतं.