काइनाची खूण आणि माणुसकीचे गुण

१९९१ साली अमेरिकेत मार्क रेन-हेगन यांनी रचलेला ‘व्हँपायर: द मॅस्करेड’ हा खेळ पटाचा नव्हे, कथनाचा आहे. मेजाभोवती बसलेल्यांपैकी एक जण सूत्रधार होतो. इतर जण आधुनिक नगराच्या काळोखात वावरणाऱ्या रक्तपिपासू पिशाचांच्या भूमिका घेतात. या प्रकारच्या आद्य खेळाला, १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ला, १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी सैतानपूजा म्हणून धिक्कारले होते. तो मार्ग आम्हांस पत्करावासा वाटत नाही. धिक्कारापूर्वी नियम वाचावेत. कारण ‘व्हँपायर’चे धर्मशास्त्र त्याच्या पिशाचांत नसून नियमांत आहे.

१९९० च्या दशकातील आवृत्त्यांत प्रत्येक पात्राच्या माणुसकीला शून्य ते दहा गुण असतात. पातक घडले की सदसद्विवेकाच्या नावाने दहा पैलूंचे फासे टाकावयाचे. ते फसले की माणुसकीचा गुण गळतो. परंतु माणुसकी जसजशी उतरते, तसतशी बोचणाऱ्या पातकांची यादीही आखूड होत जाते. सात गुणांच्या पात्राला चोरी बोचते; चार गुणांच्या पात्राला चोरीसाठी फासे टाकण्याचे कारणच उरत नाही. शून्यावर ते पात्र खेळाडूच्या हातून जाते व आतल्या पशूच्या स्वाधीन होते. पाप हे पाप ओळखण्याची शक्तीच हिरावून घेते, हे सत्य आमच्या कित्येक उपदेशांपेक्षा या कोष्टकात अधिक स्पष्ट उतरले आहे.

उणीव आहे ती उद्धाराच्या बाजूस. गमावलेली माणुसकी अनुभवाचे गुण खर्चून परत मिळवावी लागते. पिशाचांपुढे ठेवलेल्या परमावस्थेला हैदराबादजवळच्या गोवळकोंड्याचे नाव दिलेले आहे. तिच्यासाठी पश्चात्ताप व प्रायश्चित्त सांगितले आहे. पण आपण होऊन क्षमा करणारा तेथे कोणी नाही. आतला पशू शांत होतो, पिशाचत्व मात्र राहते.

खेळ काइनाला पहिला पिशाच मानतो आणि देवाचा शाप हेच पिशाचत्वाचे मूळ ठरवतो. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात शापाबरोबर एक खूणही आहे, आणि ती काइनाला कोणी ठार मारू नये म्हणून आहे. भाऊ मारणाऱ्यावरही देवाने राखण ठेवली. आमचे तरुण हा खेळ खेळत असतील, तर त्यांना रागे भरण्यापूर्वी पाळकांनी तो अध्याय त्यांच्यासमवेत वाचावा.